मुकादमिणीच्या दारची बरणी

खाणीच्या लोकांनी मुकादमिणीच्या अंगणात ती बरणी आणून लावली आणि पहिल्या दिवसापासून ती तिच्या डोळ्यांत खुपायला लागली.

एक लोखंडी खांब, माणसाच्या डोक्याहून उंच. वर एक कडं, कड्यात काचेची मोठी बरणी आणि बरणीच्या तोंडात नरसाळं. ते नरसाळं आभाळाकडे आ वासून बसलेलं.

"हे कशाला? आभाळाला चूळ थुंकायला?" मुकादमिणीनं विचारलं.

खांब रोवणारी मुलगी हसली. डोक्यावर पिवळी टोपी, पायांत पुरुषी बूट, आणि बोलणं मात्र लोण्यासारखं. लाइनीतल्या बायकांनी तिचं नाव तोवर धूळवाली ठेवून टाकलं होतं.

"यात धूळ पडते आजी. महिनाभर इथंच राहील, मग मी येऊन घेऊन जाईन. आम्ही ती वाळवतो आणि वजन करतो. तुम्ही काहीच करायचं नाही. फक्त हात लावायचा नाही."

काहीच करायचं नाही, असं मुकादमिणीला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सासूनं तर नाहीच नाही.

तिचा नवरा खाणीत मुकादम होता, म्हणून ती मुकादमीण. नवरा गेला, त्याच्या हाताखालची माणसं गेली, जमिनीखाली उतरायचा तो जुना पाळणा थांबला, त्याच्यावरचं मोठं चाक गंजून उतरवलं, पण तिचं नाव काही उतरलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं लाइनीच्या टोकाला राहणारी भोंगेवाली म्हणायची. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायला भोंगेवालीला सुद्धा मुहूर्त बघून निघावं लागे.

लाइन म्हणजे खाणीनं बांधलेल्या घरांच्या दोन रांगा, समोरासमोर, मध्ये रस्ता. मागे फिकट पिवळी टेकडी. ती टेकडी देवानं केलेली नव्हे. जमिनीतून दगड काढायचा, गिरणीत त्याचं पीठ करायचं, पिठातून सोनं वेगळं करायचं आणि उरलेलं पीठ मागे नेऊन ओतायचं. असं दोन पिढ्या ओतलं तेव्हा टेकडी झाली. एकीकडे खड्डा पाडायचा आणि दुसरीकडे डोंगर रचायचा, माणसाच्या हाताला काम हवं, दुसरं काय.

आता खाणीत बदल व्हायचे होते. उघडा खड्डा आणखी रुंद आणि खोल करणार, त्यातून निघणारा बिनकामाचा दगड नव्या जागी टाकणार आणि तो वाहायला मोठ्या ट्रकांचा नवा रस्ता काढणार. पण कायदा असा, की हे सगळं करण्याआधी आसपासच्या हवेचं, पाण्याचं, झाडाझुडपांचं, माणसांचं काय होईल ते मोजून लिहून द्यायचं. म्हणून ही माणसं आली होती. एक जण विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून न्यायचा. एक जण पहाटे झुडपात बसून पक्षी मोजायचा. भोंगेवालीनं त्याला विचारलं होतं, "एकच पाखरू दोनदा आलं तर काय करता?" आणि तो बिचारा खरंच विचारात पडला होता. एकानं तीन पायांवर आवाज मोजायचं यंत्र नेमकं भोंगेवालीच्याच दारासमोर उभं केलं. ती त्याच्याशी भांडायला बाहेर आली, आणि त्या दिवसाची मोजणी त्याला रद्द करावी लागली.

धुळीच्या बरण्या लाइनीत तीन. एक मुकादमिणीकडे, एक तिच्या धाकट्या जावेकडे आणि एक टोकाला भोंगेवालीकडे.

धाकटी जाऊ शेजारच्याच घरात राहायची. दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत, आणि त्या भिंतीतून एकीचा खोकला दुसरीला ऐकू यायचा. खोकला धाकटीचा. तरुणपणी ती गिरणीच्या तोंडाशी पट्ट्यावर होती. पट्ट्यावरून दगड वाहत यायचे आणि बायका दोन्ही बाजूंनी उभ्या राहून त्यातला बिनकामाचा दगड वेचून बाजूला टाकायच्या. तोंडाला फडकं बांधायचं, पण गाणं आलं की फडकं खाली. धाकटीला गाणं फार यायचं. आता छाती सांगत होती की गाणं किती झालं.

"आणखी धूळ नको," डॉक्टरनं सांगून टाकलं होतं. "आहे तेवढ्यावर भागवा. वाढली तर यांना इथून हलवा."

धाकटीची मुलगी दूर शहरात राहायची. तिनं आईसाठी खोली तयार ठेवली होती. चौथ्या मजल्यावर. धाकटी म्हणाली, "तिथं खिडकीतून दुसरी खिडकी दिसते. मी काय करू तिथं?" पण हे ती मुलीला म्हणाली नाही, मुकादमिणीला म्हणाली. आणि मुकादमीण म्हणाली, "जा ना, लिफ्टमध्ये बस वर-खाली." म्हणाली खरी. पण धाकटी गेली तर पट्टा, पाळणा, भोंगा, सासू हे सगळं आठवणारी एकटी तीच उरली असती. आठवण सांगायला माणूस लागतं आणि ती खोटी आहे म्हणायलाही माणूस लागतं. दुसरं जास्त लागतं.

तर ती बरणी.

बरणी लावली आणि दोन दिवसांनी नरसाळ्याच्या कडेवर फिकट पिवळी साय दिसायला लागली. मुकादमीण भांडी घासता घासता वर बघायची. पाणी भरता भरता वर बघायची. तिसऱ्या दिवशी सून म्हणाली, "आई, मान अवघडेल."

"माझ्या दारात मळकं भांडं टांगलंय. येणारा-जाणारा काय म्हणेल?"

"ते धुळीसाठीच आहे."

"धुळीसाठी कुणी भांडं ठेवतं का?"

सुनेनं मान हलवली आणि कामावर गेली. ती शाळेत शिकवायची, त्यामुळे कुणाला किती वेळा समजावायचं याचा तिला अंदाज होता.

मुकादमिणीचा हिशेब वेगळा होता. तो तिच्या लग्नाइतका जुना होता.

त्या काळी खाणीकडून दरवर्षी स्वच्छ घराची पाटी मिळायची. निळी, एनॅमलची, वर पांढरी अक्षरं. ज्या घराला मिळे त्या घरानं वर्षभर दारावर लावायची. मोठ्या साहेबाची बायको पांढरे हातमोजे घालून यायची आणि घराघरातून बोट फिरवायची. खालच्या फळीवर नाही, तिथं कुणीही पुसतं. ती दाराच्या चौकटीवर, वरच्या बाजूला, बोट फिरवायची. मग ते बोट उजेडात धरायची आणि काही न बोलता पुढे जायची. त्या बोटाकडे बघताना अख्ख्या लाइनीचा श्वास अडकायचा.

मुकादमीण नवी सून म्हणून आली त्या आठवड्यात सासूनं तिला स्टुलावर चढवलं आणि दाखवलं. "ही बघ. ही धूळ. हिला पाहुणा समजायचं. रोज येणार, आपण रोज निरोप द्यायचा. ज्या दिवशी ती राहिली त्या दिवशी घर तिचं."

खिडक्यांना ओली पोती लावायची. झाडांची पानं पुसायची, हो, पानं. कपडे वाळत घालण्याआधी गिरणीच्या धुराड्याकडे बघायचं. धूर टेकडीकडे झुकला तर कपडे बाहेर, लाइनीकडे झुकला तर कपडे आत. धुराड्याकडे न बघता कपडे वाळत घालणारी म्हणजे माहेरी काही न शिकलेली. नवरा पाळी संपवून आला की दाराबाहेर अंग झटकायचं, बाहेरच पाणी घ्यायचं, मग आत. मुकादम सगळ्या खाणीवर ओरडायचा, पण उंबऱ्याशी आला की बूट हातात घेऊन उभा राहायचा.

ती निळी पाटी मुकादमिणीच्या दारावर किती वर्षं होती ते भोंगेवाली वेगळं सांगायची, पण होती हे तीही मान्य करायची.

मग जुनी खाण थांबली, साहेबीण गेली, पाट्या गेल्या. काही वर्षांनी दुसरी कंपनी आली आणि वरून उघडा खड्डा खणायला लागली. भोंगा नाही, पाळणा नाही. मुकादमिणीचा मुलगा तिथं ट्रक चालवायचा. ट्रक घराएवढा. तो आत थंड हवेत बसायचा आणि इस्त्रीच्या शर्टात परत यायचा. तो दारात उभा राहायचाच नाही, सरळ आत. तिला त्याचा राग येत नसे, पण काहीतरी राहून गेल्यासारखं वाटे.

आणि आता इतक्या वर्षांनी खाणीची माणसं परत दारात काहीतरी लावून गेली होती. महिन्यानं येऊन बघणार होती. तिसऱ्या दिवशी दुपारी मुकादमिणीनं स्टूल बाहेर काढलं.

नरसाळं उतरवलं, राखेनं घासलं, पुसून लखलखीत केलं. बरणीत तळाशी थोडं गढूळ पाणी होतं ते फेकलं, बरणी आतून विसळली, धूळवालीनं घातलं होतं तेवढंच स्वच्छ पाणी घातलं. हात लावायचा नाही म्हणजे फोडायचं नाही, चोरायचं नाही, एवढं तिला कळत होतं. तिनं जिथल्या तिथं ठेवलं.

शेजारी धाकटीची बरणी होती. धाकटी काही स्टुलावर चढणार नव्हती. पण बरणी मळकी दिसली असती तर लोक म्हणाले असते, मुकादमिणीच्या घराण्यातली एक आळशी. म्हणून मुकादमिणीनं तीही घासली. धाकटी खिडकीत बसून बघत होती.

"पडशील," ती म्हणाली.

"पडले तर तुझ्या अंगणात पडेन. तूच उचल."

त्या दिवसापासून हे रोजचं झालं.

महिना भरला. धूळवाली आली, शिडी लावून बरण्या उतरवल्या, झाकणं घातली. मुकादमिणीची बरणी उजेडात धरून तिनं जरा वेळ बघितलं.

"आजी, हिला कुणी हात लावला नाही ना?"

मुकादमिणीचा चेहरा ताठ झाला. "आमच्याकडे दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायची पद्धत नाही, पोरी."

मुलगी ओशाळली. "तसं नाही हो आजी, विचारावं लागतं." आणि ती गेली.

नंतर एक दिवस सगळ्यांना जुन्या कॅन्टीनमध्ये बोलावलं. मोजणीत काय निघालं ते लोकांना सांगायचं, लोकांचं म्हणणं ऐकायचं, मगच पुढचं ठरवायचं, असा नियम होता. कॅन्टीन आता रिकामीच असायची. पण मुकादमीण आत पाऊल टाकताच थबकली. वास तोच होता, ओल्या सिमेंटचा आणि उकळलेल्या चहाचा. त्या कोपऱ्यात पट्ट्यावरच्या बायका बसायच्या. फडकी खाली करून, सगळ्यांचे डोळे आणि कपाळ पिवळं, तोंड मात्र गोरं. एकमेकींना माकडं म्हणून हसायच्या. धाकटी तिथंच बसायची, खिडकीशी.

आताही धाकटी खिडकीशीच बसली. मुकादमीण तिच्या शेजारी. मागच्या बाकावर भोंगेवाली. तिचा नवरा आयुष्यभर खाणीचा भोंगा वाजवायचा, आणि लोक म्हणायचे, सवय त्याला, आवाज हिला.

भिंतीवर मोठा नकाशा होता. त्यावर नव्या रस्त्याच्या दोन रेघा, एक लाल, एक निळी. लाल रेघ लाइनीच्या मागच्या भिंतीला लागून जात होती. निळी टेकडीच्या पलीकडून लांब वळसा घालून. नव्या कंपनीच्या मोठ्या साहेबानं पाणी सांगितलं, आवाज सांगितला, पक्षी सांगितले. मग म्हणाला, "आता धूळ. आनंदाची गोष्ट म्हणजे मोजलेल्या सगळ्या ठिकाणांमध्ये सगळ्यात कमी धूळ या लाइनीत आहे. जवळजवळ नाहीच."

बायकांमध्ये सुखाची एक लाट गेली. कुणीतरी टाळी वाजवली. मुकादमिणीनं मान थोडी वर केली, फार नाही, शोभेल एवढीच. डोळ्यांपुढे निळी एनॅमलची पाटी उभी राहिली. मागे भोंगेवाली पुटपुटली, "माझी पण आहे त्यात." मुकादमिणीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"त्यामुळे," साहेब म्हणाला, "इथं रस्त्याची धूळ वाढली तरी एकूण धूळ मर्यादेच्या आतच राहील. निळा रस्ता लांब पडतो, जास्त झाडं जातात. म्हणून आमचा कल लाल रस्त्याकडे आहे."

सगळ्यांना कळायला जरा वेळ लागला. साहेबानं कांडीनं लाल रेघ दाखवली. ती धाकटीच्या मोरीच्या मागून जात होती. घराएवढे ट्रक, दिवस-रात्र.

जे मुकादमिणीच्या डोक्यात कधीच शिरलं नव्हतं ते एका दमात शिरलं. बरणी स्वच्छ असायची नव्हती. बरणी मळायलाच लावली होती. ती हात बघत नव्हती, हवा बघत होती. आणि ती हवा हिनं रोज दुपारी राखेनं घासून काढली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तिनं शेजारी बघितलं. धाकटी तिच्याकडे बघत नव्हती, नकाशाकडे बघत होती. धाकटीला सगळं माहीत होतं. रोज खिडकीतून बघत होती ना. एक शब्द काढला असता तर पुरे होतं. पण धाकटीनं ओठ मिटले होते आणि खोकला आला तोही आतल्या आत दाबत होती. चार लोकांत थोरलीची लाज निघू नये म्हणून ही बाई चौथ्या मजल्यावर जायला तयार होती. हे मुकादमिणीला कळलं आणि धाकटीचा तिला भयंकर राग आला.

ती उभी राहिली.

"ती बरणी मी धुतली."

साहेबाला ऐकू गेलं नाही. "काय म्हणता, आजी?"

"बरणी. धुळीची. मी धुतली. राखेनं."

मागे कुणीतरी हसलं. धूळवाली भिंतीशी उभी होती, ती दोन पावलं पुढे आली. "कधी?"

"रोज."

"रोज?"

"हिचीही धुतली," तिनं धाकटीकडे बोट केलं. "हिला चढता येत नाही."

"पण आजी, मी विचारलं होतं तुम्हाला..."

"तू विचारलंस हात लावला का. मला वाटलं तू चोरीचं विचारतेस."

आता बरेच जण हसले. मुकादमिणीला हसणं लागलं, पण तिनं बसायचं नाकारलं. अजून खरं वाक्य उरलं होतं. ते तिनं उभ्या जन्मात कुणापुढे उच्चारलं नव्हतं, नवऱ्यापुढे सुद्धा नाही.

"माझ्या घरात धूळ असते," ती म्हणाली.

जुन्या बायकांना त्या वाक्याची किंमत माहीत होती.

"रोज येते. मी लग्न होऊन आले तेव्हा येत होती, सासूच्या वेळी येत होती. वारा इकडचा असला की चौकटीवर येते, चादरीवर येते, चहावर साय धरते. मी दिसू देत नाही हे वेगळं. दिसत नाही म्हणजे नाही असं नव्हे. या बाईच्या छातीला विचारा, तिची छाती मला धुता आली नाही." तिचा आवाज जरा फाटला, म्हणून तिनं तो लगेच कडक केला. "तुमचे आकडे चुकले. तुमची चूक नाही, माझी. पण चुकले ते चुकलेच."

ती बसली. आणि मागून भोंगेवालीचा आवाज आला, आवाज म्हणजे भोंगाच.

"मी पण धुतली माझी."

मुकादमीण वळली. "तू का धुतलीस?"

"तू धुतेस ते दिसलं म्हणून. तुझी चमकणार आणि माझी काय मळकी राहणार?"

साहेबाला हसावं की रडावं कळेना. तो धूळवालीशी हळू आवाजात बोलला. बहुतेक म्हणत असावा की वेळ नाही, अहवाल द्यायचा आहे. धूळवाली मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सर, ही मोजणी आता धरता येणार नाही. तिन्ही बरण्या परत लावाव्या लागतील." मग ती मुकादमिणीकडे वळली. "आणि पहिल्या वेळी मी नीट सांगायला हवं होतं."

"नीट सांगितलं होतंस," मुकादमीण म्हणाली. "ऐकणारी शहाणी होती."

बाहेर पडताना धाकटी म्हणाली, "बोलायची काय गरज होती?"

"गप्प बस. चौथ्या मजल्यावर जायला निघाली होती, मला न विचारता."

मग तो दुसरा महिना आला. मुकादमिणीच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड.

धूळवालीनं या वेळी सगळं उलगडून सांगितलं. बरणीला हात नाही. खांबाजवळ झाडायचं नाही, कारण झाडल्यानं उडालेली धूळही आत पडेल आणि तीही खोटीच. जे आपोआप येईल तेवढंच यायला हवं. मुकादमिणीनं स्टूल मुलाकडून माळ्यावर टाकून घेतलं.

चार दिवसांनी भोंगेवाली आली, मूठ मिटलेली. हळूच म्हणाली, "टेकडीवरून आणलीय. थोडी थोडी तिन्हींत टाकली तर काम पक्कं होईल."

"मूठ उघड," मुकादमीण म्हणाली, "आणि जिथून आणलीस तिथं नेऊन टाक. अडाणीपणानं एकदा खोटं झालं, आता शहाणपणानं नको."

त्या दिवसापासून ती खांबाची राखण करत बसायला लागली. दुपारी धाकटीची खुर्ची बाहेर काढायची, स्वतःची शेजारी ठेवायची, आणि दोघी त्या बरणीखाली बसायच्या. बरणी पुसता येत नाही म्हटल्यावर मुकादमिणीचे हात रिकामे झाले, आणि हात रिकामे झाले की तोंड सुरू होतं.

"धुराडं आठवतं?" ती विचारायची. "तू आलीस त्या वर्षी रंगवलं होतं. लाल."

"पांढरं."

"लाल गं. सासूबाई म्हणाल्या होत्या, नवरीसारखं दिसतंय."

"त्या तुला म्हणाल्या होत्या. धुराड्याला नव्हे. तू लाल नेसली होतीस."

सासू आपल्याला कधी काही चांगलं म्हणाली होती हे मुकादमिणीला आठवत नव्हतं. धाकटीला आठवत होतं.

कधी पट्ट्याची गोष्ट निघायची. एकदा दगड वेचताना धाकटीच्या हातात एक दगड आला होता, त्यात चकाकणारी शीर. सगळ्या बायकांनी पट्टा थांबवायला लावला. मुकादम धावत आला, दगड हातात घेतला आणि म्हणाला, "हे सोनं नव्हे. सोनं असतं ते दिसत नाही." वर्षभर तेच वाक्य लाइनीत चाललं. भाजी बेचव झाली की, सोनं असतं ते दिसत नाही. नवरा घरी कामाला हात लावत नाही, सोनं असतं ते दिसत नाही. धाकटी सांगताना इतकी हसली की खोकला आला, आणि मुकादमीण पाणी आणायला उठली, पण उठता उठता तीही हसत होती.

वारा टेकडीकडून आला की नरसाळ्याच्या कडेवर पिवळी रेघ दिसायची, मग जाड व्हायची. मुकादमिणीचे हात शिवशिवायचे. एका दुपारी ती बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिली.

"ही कुणाची धूळ आहे माहितीय?" ती म्हणाली. "आपल्याच माणसांची. ह्यांनी खाली उभं राहून जागा दाखवायची, भावजींनी तिथं छिद्र पाडायचं, गिरणीनं दळायचं, आणि मग ती इथं यायची. आपण पुसायची."

"इतकी वर्षं पुसली," धाकटी म्हणाली. "एकदा तरी नीट बघायला पाहिजे होती."

दोघी बघत बसल्या. उन्हात ती धूळ इतकी बारीक दिसायची की पीठच. मुकादम दारात बूट हातात घेऊन उभा राहायचा तेव्हा त्याच्या भुवयांवर हीच असायची. मुकादमीण फडक्यानं पुसायला जायची आणि तो डोळे मिटून घ्यायचा, मुलासारखा. सगळ्या खाणीला दरडावणारा माणूस, पण त्या वेळी डोळे मिटून घ्यायचा. हे तिनं धाकटीला सांगितलं नाही. काही गोष्टी भिंतीपलीकडेही सांगत नाहीत.

महिना भरला आणि धूळवाली आली. मुकादमिणीनं स्वतः शिडी धरली.

"सांभाळून. सांडू नकोस," ती म्हणाली.

बरणीच्या तळाशी बोटभर पिवळं बसलं होतं. धूळवालीनं झाकण घातलं आणि वर चिठ्ठी डकवली. मुकादमिणीनं बरणी दोन्ही हातांत घेतली, वजन पाहिलं आणि परत दिली.

पुढं कितीतरी दिवस काहीच कळलं नाही. मुलगा म्हणाला, असल्या कामांना वेळ लागतो. धाकटीच्या मुलीनं फोन करून विचारलं, खोलीला नवे पडदे लावू का. धाकटी म्हणाली, थांब. मुकादमीण त्या दिवसांत फार भांडली, सुनेशी, पाण्याच्या टँकरवाल्याशी, पक्षी मोजणाऱ्याशी.

मग अहवाल कॅन्टीनच्या दारावर लागला. सून शाळेतून येताना वाचून आली, आणि आल्या आल्या सांगून टाकायच्या ऐवजी आधी पाणी प्यायली. मुकादमिणीनं तिला तेवढं पिऊ दिलं.

"निळा रस्ता ठरला," सून म्हणाली. "टेकडीच्या पलीकडून. लाइनीत आधीच धूळ जास्त आहे, आणखी वाढवता येणार नाही, असं लिहिलंय. शिवाय टेकडीवर पाणी मारायचं आणि गवत लावायचं, असंही."

मुकादमीण खाली बसली. तिनं गुडघ्यांवर हात ठेवले. मग म्हणाली, "जास्त म्हणजे किती?"

"मोजलेल्या सगळ्या ठिकाणांमध्ये जास्त."

"सगळ्यांत?"

"सगळ्यांत."

"भोंगेवालीकडची किती?"

सुनेनं तिच्याकडे बघितलं. "तुमच्याहून कमी."

"असणारच," मुकादमीण म्हणाली. "ती टोकाला राहते. तिथं कुठली एवढी धूळ?"

मुलगा जेवताना कुरकुरला की निळ्या रस्त्यानं फेरी लांबणार. "थंड हवेत बसूनच जाणार आहेस ना," ती म्हणाली, "जरा जास्त बस."

सकाळी तिनं बादली भरली, फडकं घेतलं, आणि आधी स्वतःच्या घराला हात न लावता शेजारी गेली. महिनाभर आणि वर कितीतरी दिवस धाकटीची खिडकी बाहेरून तशीच होती. काचेवर बोटानं रेघ ओढता आली असती.

धाकटी आत खाटेवर बसली होती. फोन शेजारी होता. मुलीला सांगून झालं होतं, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

मुकादमिणीनं फडकं पिळलं आणि काच पुसायला घेतली. पिवळं पाणी खाली ओघळलं. काच उघडी झाली तशी पलीकडे धाकटी हळूहळू दिसायला लागली, आधी केस, मग कपाळ, मग डोळे.

"वरचा कोपरा राहिला," धाकटी आतून म्हणाली.

"दिसतोय मला."

"दिसतोय तर पूस."

"तू ये बाहेर आणि पूस."

"मला डॉक्टरनं धुळीत जायला मना केलंय," धाकटी म्हणाली आणि उशीला टेकली.

मुकादमीण टाचा उंच करून वरच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचली. पुसला. मग फडकं उलटं करून परत पुसला, कारण धाकटी अजून बघत होती.